दहा टन मालासाठी पूर्ण कंटेनर घ्यावा की जागा वाटून घ्यावी?

तासगावजवळ छोटा प्रक्रिया उद्योग चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडून त्यांना पहिली ऑर्डर मिळाली असून तीत सहा टन गूळ, दोन टन बेदाणा आणि दोन टन हळद पावडर आहे. सौदा 'सीआयएफ फेलिक्सस्टो' असा ठरला आहे, म्हणजे ब्रिटनच्या फेलिक्सस्टो बंदरापर्यंतचे समुद्रभाडे आणि विमा विक्रेत्याने भरायचा. फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटाने, दोन दर दिले. इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जागा घेतली, म्हणजे एलसीएलने माल पाठवला, तर समुद्रभाडे जवळजवळ नगण्य आहे. स्वतंत्र वीस फुटी कंटेनर घेतला तर ते कित्येक पट होते. अर्धा कंटेनर रिकामा पाठवण्यात काय अर्थ आहे, एलसीएलच घ्यावे ना, असे ते विचारतात.

न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरन्स आणि फॉरवर्डिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि पहिल्यांदा निर्यात करणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न याच शब्दांत विचारतो. माझ्या मते तो समुद्रभाड्याचा प्रश्न नाहीच. माल तुमच्या गोदामातून निघाल्यापासून लेस्टरच्या गोदामात उतरेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात आहे, तो अडकला तर थांबण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार आहेत आणि ते आज लेखी ठरले आहे का, हा खरा प्रश्न आहे. समुद्रभाडे हा या हिशेबातला एक आकडा झाला, आणि तो सर्वांत आधी डोळ्यांत भरतो म्हणून त्यावरच निर्णय होतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील, हे आधीच सांगतो. माल जूनमध्ये जाणार की जानेवारीत, खरेदीदाराकडे पॅलेट (माल रचायची लाकडी बैठक) उतरवण्याची सोय आहे की नाही, त्याने आगाऊ रक्कम किती दिली आहे आणि ही ऑर्डर एकदाच आहे की दर दोन-तीन महिन्यांनी येणार आहे, यांपैकी काहीही बदलले तर माझे उत्तर थोडे बदलेल. तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी पूर्ण वीस फुटी कंटेनर घेण्याचा सल्ला देईन. कारणे पुढे देतो.

आधी माप करू. एलसीएलमध्ये आकारणी टन किंवा घनमीटर यांपैकी जे जास्त भरेल त्यावर होते. तुमच्या गुळाचे २० किलोचे खोके ४० × ३० × २० सेंटिमीटरचे आहे, म्हणजे ०.०२४ घनमीटर, अशी ३०० खोकी ७.२ घनमीटर झाली. बेदाण्याची १० किलोची २०० खोकी साधारण ३ घनमीटर आणि हळदीच्या २५ किलोच्या ८० गोण्या साधारण ४ घनमीटर भरतील. एकूण १४ घनमीटरच्या किंचित वर. फॉरवर्डरने दर देताना हाच आकडा धरला असणार. पण खाण्याचा माल ब्रिटनला सुटा पाठवणे मला पटत नाही. तो पॅलेटवर जाईल आणि पॅलेटवरच्या मालाचे माप बाहेरच्या कडांवरून, पॅलेटच्या लाकडासकट घेतले जाते. ब्रिटनमध्ये चालणाऱ्या १.२ × १ मीटरच्या पॅलेटवर गुळाच्या एका थरात दहा खोकी बसतात, पाच थरांचा एक टन होतो आणि उंची लाकूड धरून सव्वा मीटरच्या आत राहते. त्या हिशेबाने गुळाची सहा, बेदाण्याची दोन आणि हळदीची दोन अशी दहा पॅलेट होतात आणि आकारणीचे माप सोळा-सतरा घनमीटरवर जाते. आता वीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर असते. एवढ्या जागेत ही पॅलेट सरळ ओळीत लावली तर नऊच बसतात, पण चार-चारच्या गटाने आडवी-उभी फिरवून लावली तर बरोबर दहा बसतात. म्हणजे ज्याला तुम्ही अर्धा रिकामा कंटेनर म्हणता त्याची जमीन पूर्ण भरलेली आहे. रिकामी आहे ती फक्त वरची जागा.

व्यवहारात बारा ते पंधरा घनमीटरच्या पुढे माल गेला की एलसीएल आणि पूर्ण कंटेनर यांचा खर्च एकमेकांना गाठतो. तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे आहात. मग दर इतका नगण्य कसा, असे तुम्ही विचाराल. कन्सोलिडेटर म्हणजे अनेकांचा माल एकत्र करून कंटेनर भरणारा व्यावसायिक; त्यांची निघण्याच्या बंदरावर तीव्र स्पर्धा असते. काही मार्गांवर ते समुद्रभाडे शून्य लावतात, कधी कधी उलट फॉरवर्डरलाच घनमीटरमागे काही रक्कम परत देतात. हा धर्मादाय नव्हे. ती रक्कम पोहोचण्याच्या बंदरावर, त्यांच्या तिथल्या एजंटाकडून, माल सोडवायला आलेल्या माणसाकडून वसूल होते. त्या बिलावर टर्मिनल हाताळणी, कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, कागदपत्रांचा आकार, डिलिव्हरी ऑर्डरचे शुल्क, सुरक्षा अधिभार, गोदामभाडे अशा एकाखाली एक ओळी असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा ओळी घनमीटरने गुणल्या जातात. तुमच्या बाबतीत सोळाने किंवा सतराने. सौदा सीआयएफ असल्यामुळे हे बिल तुमच्या नव्हे, लेस्टरच्या व्यापाऱ्याच्या हाती पडेल. त्याला वाटेल की भाडे तर विक्रेत्याने भरले होते, मग हे काय आहे, आणि दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी तो तुमच्याकडून ती रक्कम किमतीतून कापून मागेल. म्हणून एलसीएलचा दर मिळाला की लगेच त्याच फॉरवर्डरकडे फेलिक्सस्टोच्या एजंटाचे दरपत्रक लेखी मागा. ते देण्यास टाळाटाळ झाली तर दराचा विचारही करू नका.

दुसरे कारण शेजाऱ्याचे. एलसीएलच्या कंटेनरमध्ये तुमच्या गुळाशेजारी काय येणार आहे हे तुम्हाला ठरवता येत नाही. चामड्याच्या वस्तू, रबर, अगरबत्ती, रंग यांचा वास बेदाणा आणि गूळ सहज धरतात. उलट हळदीची पावडर थोडी जरी उडाली तरी शेजारच्या कापडाच्या गाठींवरून तुमच्यावर दावा येतो. त्याहून मोठी अडचण तपासणीची आहे. कंटेनरमधल्या एका जणाचा माल तिथल्या कस्टम्सने थांबवला की अनेकदा सगळा कंटेनर उघडण्यासाठी थांबतो. दुसऱ्या एका आयातदाराच्या कागदपत्रांत गोंधळ असल्यामुळे आमच्या एका ग्राहकाचा पूर्णपणे निर्दोष माल तिथल्या गोदामात आठवड्याहून अधिक पडून राहिला होता, आणि त्या दिवसांचे गोदामभाडे मागायला एजंटाने जराही संकोच केला नाही.

हाच तर्क तुमच्या स्वतःच्या कंटेनरलाही लागू आहे, हे मात्र विसरू नका. मे २०२४ मध्ये भारतीय मसाल्यांमधील इथिलीन ऑक्साइडच्या अवशेषांवरून ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने भारतातून येणाऱ्या मसाल्यांवर जादा नियंत्रण लावले होते. हळदीचे नमुने घेण्यासाठी कंटेनर थांबला तर बिचारा गूळही तिच्यासोबत थांबेल. म्हणून हळदीच्या त्याच लॉटचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल माल भरण्याआधी हातात हवा, आणि कोणत्या चाचण्या हव्यात हे खरेदीदाराकडून ईमेलवर लिहून घ्यायला हवे. खरेदीदाराला हळदीची घाई नसेल, तर पहिल्या खेपेत हळद वगळून तिच्या जागी आणखी बेदाणा पाठवण्याचा पर्यायही मी त्याच्यापुढे ठेवीन.

एलसीएल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. माल पाच-सात घनमीटरपर्यंत असेल, वासाचा किंवा ओलाव्याचा नसेल, दहा-पंधरा दिवसांच्या उशिराने काही बिघडणार नसेल, तर एलसीएलच योग्य. यंत्रांचे सुटे भाग, हस्तकलेच्या वस्तू, पुस्तके मी आजही तशीच पाठवतो. तुमचा माल या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो.

वरच्या रिकाम्या जागेचे काय करावे? ती विका. भाडे कंटेनरचे असते, आत किती भरले याचे नव्हे, आणि वीस फुटी कंटेनर वीस टनांहून अधिक माल घेऊ शकतो. खरेदीदार किराणा व्यापारी आहे. त्याला पोहे, पापड, कुरडया असा हलका माल लागतोच. गुळाच्या पॅलेटवर जाड पुठ्ठ्याचा तक्ता टाकून हलका माल रचता येतो. बेदाण्याच्या खोक्यांवर मात्र काहीही ठेवू नका, खालचे थर दबून बेदाण्याचा गोळा होतो.

आता माल कुठे भरायचा. एक मार्ग असा की रिकामा कंटेनर ट्रेलरवर तासगावला मागवायचा, तुमच्या दारात भरायचा, ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावायचे आणि बंदरात पाठवायचा. यात माल फक्त एकदा हाताळला जातो, पण ट्रेलरचे भाडे जाता-येता दोन्ही बाजूंचे पडते आणि कंटेनर उचलल्यापासून जहाज कंपनीचे मोफत दिवस, म्हणजे कंटेनर विनाशुल्क वापरण्याची मुदत, मोजायला लागतात. दुसरा मार्ग म्हणजे माल साध्या ट्रकने उरण परिसरातल्या सीएफएसवर, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात, नेऊन तिथे कंटेनरमध्ये भरणे. हे स्वस्त पडते, पण माल दोनदा उतरतो-चढतो. कोरड्या ऋतूत, माल आधीच पॅलेटवर घट्ट गुंडाळलेला असेल आणि तुमचा स्वतःचा माणूस सीएफएसवर उभा राहणार असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवीन. जून ते सप्टेंबरमध्ये पहिलाच. पावसात सीएफएसच्या शेडबाहेर ट्रकची रांग लागलेली असते, ताडपत्री कधी काढली जाईल हे कोणाच्याच हातात नसते, आणि ओला झालेला पुठ्ठा वाळला तरी त्याची ताकद परत येत नाही.

कुठेही भरा, कंटेनर तपासल्याशिवाय एक खोकेही आत जाऊ देऊ नका. माझी पद्धत अशी की आत शिरून दोन्ही दारे बाहेरून लावून घ्यायची आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचे. छताला किंवा कोपऱ्यात सुईएवढे छिद्र असले तरी प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्याच अंधारात वास घ्यायचा, कारण दार उघडे असताना जो वास जाणवत नाही तो बंद कंटेनरमध्ये लगेच जाणवतो. मागच्या खेपेला त्यात रसायन होते की कच्चे कातडे होते हे नाक सांगते. मग दारांच्या कडांचे रबर फाटले आहे का ते बोटाने चाचपायचे, जमिनीच्या फळ्यांवर तेलाचे डाग किंवा वर आलेले खिळे आहेत का ते पाहायचे आणि फळीवर तळहात ठेवून ती दमट लागते का ते बघायचे. काहीही खटकले तर कंटेनर परत करून दुसरा मागायचा. यार्डातला माणूस कुरकुर करतो, ते ऐकून घ्यायचे. बदललेल्या कंटेनरचा खर्च जहाज कंपनीचा असतो, भिजलेल्या गुळाचा तुमचा. रिकाम्या कंटेनरचे, अर्ध्या भरलेल्याचे, पूर्ण भरलेल्याचे आणि सील लावलेल्या दाराचे फोटो काढून ठेवा. सीलचा क्रमांक फोटोत वाचता आला पाहिजे.

ओलाव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या मालाला बुडण्याचा धोका कमी आणि घामाचा जास्त आहे. सांगलीकडच्या लोकांना हरिपूरची पेवे माहीत आहेत. जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण हवा आत जात नाही आणि तापमान फारसे बदलत नाही. जहाजाच्या डेकवरच्या कंटेनरची स्थिती नेमकी उलटी असते. तो मुंबईच्या दमट हवेत भरला जातो, अरबी समुद्रात उन्हाने तापतो आणि उत्तर समुद्राकडे जाताना रात्री थंडगार पडतो. आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर धरते आणि थेंबाथेंबाने वरच्या खोक्यांवर पडते. ही वाफ बाहेरून येत नाही. ती कच्च्या लाकडाच्या पॅलेटमधून, पुठ्ठ्यातून, जमिनीच्या फळ्यांतून आणि मालातूनच निघते. परिणाम तुम्हाला सांगायला नकोत. गुळाला पाणी सुटते, बेदाणा चिकट होतो, हळदीच्या गाठी बनतात. यावर उपाय तीन आहेत. पॅलेट पूर्ण वाळलेल्या लाकडाचीच घ्यावीत, मालाच्या माथ्यावर आणि बाजूंना क्राफ्ट पेपर लावावा, आणि कंटेनरच्या भिंतींवरच्या कड्यांना कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या टांगाव्यात. किती पट्ट्या लागतील हे प्रवासाच्या दिवसांवर ठरते, म्हणून पुरवठादाराला माल आणि मार्ग दोन्ही सांगा. सिलिकाच्या चार पुड्या टाकून काम भागत नाही. गुळाची आर्द्रता भरण्याच्या दिवशी मोजून लिहून ठेवा. पुढे दावा करायची वेळ आली तर माल निघताना चांगला होता हे सांगणारा तोच एक पुरावा उरतो.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का अनिवार्य आहे. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवल्याची ती खूण असते आणि तीत ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक असतो. गावातल्या सुताराकडून करून घेतलेले मजबूत पॅलेट इथे निरुपयोगी ठरते. शिक्का पॅलेटच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर स्पष्ट वाचता यावा आणि माल रचताना तो प्लास्टिकच्या गुंडाळीखाली दिसेनासा होऊ नये.

दिवसांचा हिशेब हा निर्यातीतला सर्वांत महाग भाग आहे, तरी दरपत्रकात त्याला एक ओळसुद्धा नसते. जहाजाची तारीख म्हणजे तुमची तारीख नव्हे. टर्मिनलचा गेट जहाजाच्या काही दिवस आधी उघडतो आणि ठरलेल्या कटऑफला बंद होतो. त्याआधी शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, दाखल होऊन कस्टम्सचा लेट एक्स्पोर्ट आदेश (निर्यातीची परवानगी) मिळालेला असायला हवा आणि कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवलेले असायला हवे. व्हीजीएमची सक्ती १ जुलै २०१६ पासून जगभर आहे आणि त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. एवढे करूनही जहाज भरले म्हणून तुमचा कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाऊ शकतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. त्या मार्गाने दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. तुमचे जहाज सुएझमार्गे जाणार की केपमार्गे, हे बुकिंगच्या वेळी विचारा आणि खरेदीदाराला तारीख सांगताना वर आठवडाभराची सवड ठेवा.

फेलिक्सस्टोला कंटेनर उतरला की दंडाचे दोन मीटर एकामागून एक सुरू होतात. टर्मिनलच्या आवारात मोफत दिवसांपलीकडे राहिल्याचा डेमरेज, आणि बाहेर नेलेला कंटेनर वेळेत रिकामा करून परत न दिल्याचा डिटेन्शन. काही कंपन्या दोन्ही एकत्र मोजतात. मोफत दिवस किती मिळतात हे कंपनीगणिक बदलते, पण ते बुकिंगच्या आधी मागितले तर वाढवून मिळतात. माल पोहोचल्यावर मागितले तर क्वचितच. समुद्रभाड्यात थोडी घासाघीस कमी करा, मोफत दिवसांत जास्त करा, असे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. जे मिळतील ते बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) किंवा बुकिंगच्या कागदावर छापून घ्या. खरेदीदाराने पैसे द्यायला उशीर केला तर सुरुवातीला हे मीटर त्याच्या नावावर चालतात, पण त्याने माल घेतलाच नाही तर जहाज कंपनी माल पाठवणारा (शिपर) म्हणून तुमच्याकडे येते.

त्यावरून बिल ऑफ लेडिंगकडे येतो. पूर्ण कंटेनर घेतला तर जहाज कंपनीचेच मास्टर बीएल तुमच्या नावे मिळू शकते; एलसीएलमध्ये मिळते ते कन्सोलिडेटरचे हाऊस बीएल, आणि तिकडे तो माल कोण सोडणार हे त्याच्या एजंटाच्या सचोटीवर राहते. तुमची अट तीस टक्के आगाऊ आणि बाकी बीएलच्या प्रतीवर अशी असेल, तर बीएल 'टू ऑर्डर', म्हणजे खरेदीदाराच्या थेट नावे न करता, बनवा, मूळ प्रतींचा संच स्वतःकडे किंवा बँकेत ठेवा आणि संपूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रती न मागता माल सोडण्याची सूचना, द्या. खरेदीदाराने पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाचा (पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाचा) फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आणखी एक बारीक गोष्ट आहे. बीएलवर नुसते '१० पॅलेट' असे लिहू देऊ नका; '१० पॅलेटवर एकूण ५८० नग' असे खोकी आणि गोण्यांसह लिहून घ्या. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाज कंपनीची भरपाई दर नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा दर किलोला २ एसडीआर, यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत मर्यादित असते आणि नग किती हे बीएलवरच्या मोजणीवरून ठरते.

अर्थात त्याच नियमांत आग आणि जहाज चालवण्यातली चूक अशा मोठमोठ्या सवलती कंपनीला आहेत, म्हणून विमा लागतोच. सीआयएफमध्ये तो विक्रेत्याने काढायचा असतो, पण इन्कोटर्म्सप्रमाणे (सीआयएफसारख्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे) किमान 'सी' कलमांचा, म्हणजे सर्वांत मर्यादित, विमा पुरेसा धरला जातो. त्या विम्यात चोरी नाही, पावसाचे पाणी नाही, घाम नाही. तुम्ही सर्वांत व्यापक अशा 'ए' कलमांचा, सीआयएफ किमतीच्या ११० टक्के रकमेचा आणि तासगावच्या गोदामापासून लेस्टरच्या गोदामापर्यंतचा विमा घ्या. दोन्हींतला हप्त्याचा फरक एवढ्या मालाला किरकोळ असतो. उशिरामुळे झालेले नुकसान आणि मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान 'ए' मध्येही मिळत नाही, म्हणून वर आर्द्रतेची नोंद ठेवायला सांगितले. जनरल ॲव्हरेज हा शब्दही समजून घ्या. जहाज आणि माल वाचवण्यासाठी खर्च झाला तर तो जहाजमालक आणि सर्व मालधनी मिळून वाटून घेतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाच्या वेळी तो जाहीर झाला होता. असा प्रसंग आला की ज्यांचा विमा आहे त्यांच्या वतीने विमा कंपनी हमी देते, आणि ज्यांचा नाही त्यांना आपला धडधाकट माल सोडवायला आधी रक्कम ठेवावी लागते. हे दूरचे वाटत असेल तर २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा ३ या जहाजावर ६४० कंटेनर होते. सागरी विमा खरेदीदाराने पैसे बुडवले तर काही देत नाही. त्यासाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि पहिल्या सौद्यात ते घ्यावेच.

कागदपत्रांचे काम तुमचा सीएचए (कस्टम्स एजंट) करील, म्हणून थोडक्यात लिहितो. आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक), बंदरावर नोंदवलेला बँकेचा एडी कोड, चालू आर्थिक वर्षाचे जीएसटीचे एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र), हळदीसाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी आणि गूळ-बेदाण्यासाठी अपेडाची (कृषी निर्यात विकास प्राधिकरणाची) नोंदणी, हे बुकिंगच्या आधी तयार हवे. कंटेनर उचलल्यावर यांतले एखादे राहिले असे लक्षात आले तर रोजचे भाडे सुरू होते. गूळ साखरेच्या १७०१ या शीर्षकात, बेदाणा ०८०६ मध्ये आणि हळद ०९१० मध्ये येते. ब्रिटनमध्ये साखरेच्या शीर्षकावरचे शुल्क इतर दोन्हींपेक्षा वेगळ्या पद्धतीने लागते, तेव्हा खरेदीदाराने गुळाची पोहोचकिंमत तिथल्या एजंटाकडून काढून घेतली आहे का, हे आत्ताच विचारा. बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बीएल या चारही कागदांवर नगांची संख्या आणि निव्वळ वजन अगदी तेच असले पाहिजे.

एवढ्यावर निर्णय घेता येईल, पण एक माहिती तुमच्या प्रश्नात नाही. लेस्टरच्या गोदामात कंटेनरच्या उंचीचा धक्का आणि फोर्कलिफ्ट आहे का? तिथे कंटेनर रिकामा करायला ट्रकवाला दोन-तीन तासांहून जास्त थांबत नाही आणि पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे घेतो. धक्का असेल तर दहा पॅलेट तासाभरात उतरतील. नसेल तर बंदराजवळच्या गोदामात माल उतरवून तो टेल-लिफ्टच्या, म्हणजे मागे माल खाली उतरवणारी फळी असलेल्या, गाडीने न्यावा लागेल, आणि त्या परिस्थितीत एलसीएल व पूर्ण कंटेनर यांची तुलना पुन्हा एकदा मांडायला हवी. खरेदीदाराचे उत्तर आणि फेलिक्सस्टोच्या एजंटाचे दरपत्रक हाती आले की दोन्ही इथे लिहा, आकडे घालून हिशेब करून देतो.